पोटातले जंत आणि समुद्रातले औषध



उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नवरा-बायको दोघेही कामाला जातात. त्या घरातल्या आईने मला गेल्या वर्षी एक प्रश्न विचारला. शाळेतून निरोप आला होता, की अमुक दिवशी मुलांना जंताची गोळी देणार. मुलीच्या आजीचे म्हणणे, गोळीबिळी नको, आपले वावडिंग बरे. दिराने मोबाइलवर कुठेसे वाचले होते, की समुद्रातल्या शेवाळात जंतांवरचे नैसर्गिक औषध सापडले आहे आणि त्याची पावडर मिळते. तो ती मागवायला निघाला होता. एका मुलीसाठी घरात तीन औषधे झाली. "सर, यातले खरे काय धरायचे?" एवढेच तिला हवे होते.

मी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिले, पण ते अपुरे होते हे घरी आल्यावर जाणवले. कारण या तिघांपैकी कोणीच निव्वळ चुकीचे बोलत नव्हते. म्हणून यंदाच्या व्याख्यानासाठी हाच विषय घेतला. आपण बेळगाव-निपाणीकडची माणसे घाटमाथ्यावरची. समुद्र आपल्याला ठाऊक आहे तो वेंगुर्ल्याहून, कारवारहून, गोव्याहून येणाऱ्या मासळीपुरता. त्या समुद्राचा आपल्या मुलांच्या पोटातल्या जंतांशी संबंध काय, आणि त्यावर कितपत भरवसा ठेवावा, एवढे आज पाहू.

जंत येतात कुठून

आपल्याकडे घरोघरी एक समजूत आहे, की गोड फार खाल्ले की जंत होतात. पोर रात्री दात खाऊ लागले की आजी म्हणते, "बघ, गूळ-शेंगदाणे फार झाले." शेजारची कन्नड बोलणारी बाईही तेच सांगते, फक्त जंताला ती 'हुळ' म्हणते. ही समजूत खरी नाही. साखरेतून जंत जन्माला येत नाहीत. त्यांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांतून आणि कच्च्या पालेभाजीतून पोटात जातात.

मुख्य मंडळी तीन. पहिला गोलकृमी, म्हणजे ज्याला आपण सरसकट जंत म्हणतो तो. मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब असते आणि दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. दुसरा चाबूककृमी. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरात आपले बारीक टोक शिवल्यासारखे खुपसून बसतो. तिसरा अंकुशकृमी. हा तोंडावाटे येण्याची वाट पाहत नाही. त्याच्या अळ्या ओल्या मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. आतड्यात पोचल्यावर तो रक्त पितो. एका जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त खातो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पोटात असे १०० असतील तर दिवसाला ३ आणि महिन्याला ९० मिलिलिटर होते. दुसऱ्या जातीचा असेल तर याच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक. शेतात अनवाणी राबणारी बाई 'नुसती थकवा थकवा म्हणते', तेव्हा त्या थकव्यामागे हा हिशेब असू शकतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. हे तिन्ही कृमी पोटात वाढतात, पण पोटातल्या पोटात त्यांची संख्या वाढत नाही. अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात, मातीत काही दिवस किंवा आठवडे पक्व होतात आणि मग पुन्हा कोणाच्या तरी शरीरात जातात. म्हणजे पोटात शंभर जंत असतील तर ते शंभर वेळा बाहेरून आलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मातीतून पसरणाऱ्या अशा कृमींची लागण जगातल्या सुमारे दीडशे कोटी माणसांना आहे.

आजीच्या डब्यातली औषधे

जुन्या घरांत जंतांवर चार-पाच गोष्टी ठरलेल्या असत. तान्ह्या मुलाला दुधात उकळलेले वावडिंग, थोरांना पळसपापडी, महिन्याकाठी एरंडेल आणि किरमाणी ओवा. या शेवटच्याकडे जरा थांबून पाहू. किरमाणी ओवा हा आपल्या स्वयंपाकघरातला ओवा नव्हे. ती दवण्याच्या कुळातली वेगळीच वनस्पती. तिच्या न उमललेल्या कळ्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणत. त्या कळ्यांतून १८३० साली युरोपात सँटोनिन नावाचा पदार्थ वेगळा काढण्यात आला आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ गोलकृमींवर जगभर तेच औषध चालले. म्हणजे आजीचा डबा अगदीच अडाणी नव्हता. पण सँटोनिनची मात्रा चढली की रोग्याला सगळे पिवळे दिसू लागे. औषध आणि विष यांच्यामध्ये फक्त मात्रेचे अंतर होते. हे अंतर आजच्या सगळ्या गोष्टीत पुन:पुन्हा भेटणार आहे.

निपाणीच्या वाचकांना जवळचे वाटेल असे आणखी एक उदाहरण देतो. तंबाखूतले निकोटिन कृमींच्या स्नायूंना जखडून टाकते. परदेशात एके काळी मेंढ्यांना मोरचूद आणि निकोटिन सल्फेट यांचे मिश्रण जंतांसाठी पाजत असत. आज औषधाच्या दुकानात मिळणारी पायरँटेल आणि लेव्हामिसोल ही औषधे कृमीच्या शरीरातल्या ज्या जागी जाऊन बसतात, त्या जागेला शास्त्रज्ञांनी निकोटिनचेच नाव दिले आहे. फरक एवढाच, की निकोटिन माणसालाही तितकेच झोंबते आणि ही औषधे कृमीला अधिक झोंबतात. म्हणून कोणी जंतांसाठी तंबाखू खाऊ नये. तो प्रयोग जिवावर बेतू शकतो.

औषध काम कसे करते हे यावरून समजते. कृमीच्या स्नायूंवर आणि मज्जातंतूंवर बारीक कुलपे असतात. त्याच्या स्वत:च्या शरीरातली रसायने ही त्या कुलपांची किल्ली. औषध म्हणजे नेमकी त्याच मापाची, पण बाहेरून केलेली किल्ली. ती कुलपात शिरली, की कृमी आखडतो किंवा लुळा पडतो, आतड्याच्या भिंतीवरची त्याची पकड सुटते आणि तो शौचावाटे बाहेर पडतो. उद्यमबागेत मशिनवर काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. माप एका सुताने चुकले तरी जॉब बसत नाही.

जपानचे शेवाळ

किरमाणी ओव्याच्या शास्त्रीय नावात 'समुद्राचा' असा शब्द आहे, जरी आपल्याकडे येणारा माल हिमालयाच्या बाजूचा असला तरी. पण खरोखर समुद्रातून आलेले जंतांचे औषध पाहायचे तर जपानला जावे लागते.

जपानच्या दक्षिणेकडच्या उबदार समुद्रात डायजेनिया नावाचे तांबूस शेवाळ खडकांवर वाढते. जपानी लोक त्याला काइनिन्सो किंवा माकुरी म्हणतात. हजार वर्षांहून अधिक काळ त्याचा काढा तिथे मुलांना जंतांसाठी पाजत आले. आपल्या वावडिंगासारखेच ते घरगुती औषध. १९५३ मध्ये मुराकामी, ताकेमोतो आणि शिमिझु या संशोधकांनी त्यातला कामाचा पदार्थ वेगळा काढला. शेवाळाच्या नावावरून त्याला काइनिक आम्ल म्हणतात. पुढे काइनिक आम्ल आणि आपल्या किरमाणी ओव्यातले सँटोनिन या दोघांची जोडगोळी जपानमध्ये गोलकृमींवर वापरली गेली. डोंगरावरची वनस्पती आणि समुद्रातले शेवाळ एका गोळीत आले.

त्या काळी जपानला याची गरज किती होती पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ च्या सुमारास, तपासलेल्या लोकांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणांच्या पोटात गोलकृमी होते. शाळाशाळांतून मुलांना त्या शेवाळाचा वासट काढा पाजला जाई. आज साठी-सत्तरी पार केलेल्या अनेक जपान्यांना तो वास आठवतो, जसे आपल्यापैकी अनेकांना एरंडेल आठवते.

काइनिक आम्ल कोणत्या कुलपात बसते? त्यासाठी जरा गोबी मंचुरियनच्या गाड्यावर जाऊ. तिथे चिमूटभर अजिनोमोटो घालतात. तो ग्लुटामेटचा क्षार. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये तो कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या कढणातून शोधला. हेच ग्लुटामेट प्राण्यांच्या शरीरात मज्जातंतूंचा निरोप्या म्हणून काम करते. काइनिक आम्लाची घडण ग्लुटामेटसारखी आहे, पण ते कुलपात बसल्यावर लवकर हलत नाही. निरोप सारखा जात राहतो, कृमीचे स्नायू थकून निकामी होतात आणि तो सुटून बाहेर पडतो.

इथेच धोकाही आहे. ग्लुटामेटचे कुलूप कृमीत आहे तसे माणसाच्या मेंदूतही आहे. काइनिक आम्ल उंदराच्या मेंदूत थेट टोचले तर त्याला झटके येतात. आज जगात या पदार्थाचा मोठा उपयोग जंतांसाठी नव्हे, तर अपस्माराचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत होतो. तोंडावाटे थोड्या मात्रेत दिले तेव्हा ते मुलांना सोसले. पण सोसले ते मात्रा थोडी होती म्हणून, पदार्थ समुद्रातला आणि नैसर्गिक होता म्हणून नव्हे.

याचा पुरावा जरा भयंकर आहे. जपानच्याच तोकुनोशिमा बेटावर दोमोई नावाचे दुसरे एक शेवाळ जंतांवर वापरत. त्यातून १९५८ मध्ये दोमोइक आम्ल सापडले. ते काइनिक आम्लाचे सख्खे भावंड. पुढे १९८७ च्या अखेरीस कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरावर माणसे आजारी पडली आणि तीन दगावली. काहींची नवी गोष्ट लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. शोध घेतला तेव्हा त्या शिंपल्यांत हेच दोमोइक आम्ल निघाले. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांनी ते तयार केले होते, शिंपल्यांनी ती शैवाले खाल्ली आणि माणसांनी शिंपले. जंतांसाठी जी मात्रा देत, तिच्या कित्येक पट या लोकांच्या पोटात गेली होती. एकच पदार्थ एका बेटावर औषध होता, तर दुसऱ्या बेटावर त्याने माणसे मारली.

चोर्ला घाटाखालचे काम

आता आपल्या जवळ येऊ. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात, की पणजीच्या पुढे दोना पावल लागते. पर्यटक तिथला धक्का पाहून परततात. त्याच ठिकाणी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १ जानेवारी १९६६ रोजी ती स्थापन झाली. समुद्राचे प्रवाह, गाळ, हवामान यांच्याबरोबर समुद्री जिवांतली रसायने हाही तिच्या अभ्यासाचा भाग आहे. तिथल्या संशोधकांनी भारताच्या किनाऱ्यावरची शेवाळे, स्पंज आणि इतर जीव गोळा करून त्यांचे अर्क काढले. ते अर्क लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत वेगवेगळ्या रोगांसाठी तपासले गेले. ही लखनौची संस्था १९५१ पासून काम करते. असे निष्कर्ष १९८० च्या सुमारासच छापून येऊ लागले होते. समुद्रातल्या औषधांचा शोध ही परदेशातली कालपरवाची बातमी नव्हे. आपल्या घाटाखाली ते काम दोन पिढ्या चालले आहे.

समुद्रातच का शोधायचे? स्पंजाचा विचार करा. तो खडकाला चिकटून असतो. त्याला पाय नाहीत, शिंपल्यासारखे कवच नाही, दात नाहीत. मासे त्याला खायला टपलेले, जंतू त्याच्या छिद्रांत शिरायला टपलेले, आणि शेजारचा दुसरा जीव जागा बळकावायला टपलेला. पळता येत नाही त्याने स्वत:ला वाचवायचे कसे? रसायनाने. कोट्यवधी वर्षे असे चालल्यावर त्याच्याकडे जमिनीवर कुठे न सापडणारी रसायने साठली आहेत. शेवाळांचेही तसेच. त्यातले काही पदार्थ कृमींना मारतात यात नवल नाही.

१९८६ मध्ये फिलिप क्रूज आणि सहकाऱ्यांनी फिजी बेटांजवळच्या एका स्पंजातून बेंगामाइड नावाचे पदार्थ काढले. प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांच्या आतड्यात राहणाऱ्या एका कृमीवर परिणाम दाखवला. बातमी आशेची होती. पुढे लक्षात आले, की ते पेशींची वाढही रोखतात. तेव्हा त्यांच्या धर्तीवर बनवलेला एक पदार्थ कर्करोगासाठी माणसांवर तपासला गेला. हृदय आणि रक्ताभिसरणावर वाईट परिणाम दिसल्याने ती चाचणी थांबवावी लागली. जंतांचे औषध म्हणून तर बेंगामाइड आजवर बाजारात आलेच नाही.

फाउंड्रीत काम केलेल्यांना ही वाट ओळखीची वाटेल. पॅटर्न झाला म्हणजे कास्टिंग झाले असे नाही. कास्टिंग चांगले दिसले म्हणजे मशिनिंगमध्ये टिकेल असे नाही. आत पोकळी निघाली तर तो माल रिजेक्ट. औषधाचेही इन्स्पेक्शन असेच कडक असते आणि बहुतेक माल मध्येच गळतो. तरी काही पार होतात. रक्ताच्या कर्करोगावरचे सायटाराबिन हे स्पंजातल्या रसायनांवरून सुचले आणि १९६९ पासून वापरात आहे. तीव्र वेदनेवरचे झिकोनोटाइड हे एका विषारी समुद्री गोगलगाईकडून मिळाले आणि २००४ मध्ये मान्य झाले. समुद्रातून औषध येते हे खरेच आहे. जंतांच्या बाबतीत मात्र काइनिक आम्लानंतर तसे दुसरे नाव अजून घेता येत नाही.

बातमी वाचताना विचारायचे चार प्रश्न

'समुद्री शेवाळाने जंत मरतात' अशी बातमी किंवा जाहिरात तुमच्यापुढे येईल तेव्हा चार प्रश्न विचारा.

पहिला, मेले ते कोण? आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत अर्क गांडुळावर तपासतात. गांडूळ सहज मिळते, आकाराने जंतासारखे असते, आणि ते किती मिनिटांत लुळे पडते हे घड्याळ लावून मोजता येते. विद्यार्थ्यांना शिकायला ही पद्धत ठीक. पण गांडूळ हा मातीत राहणारा, शेतकऱ्याचा मित्र. तो आतड्यातला परजीवी नव्हे. काचेच्या बशीतले गांडूळ मेले यावरून मुलाच्या पोटातला जंत मरेल असे ठरत नाही. मिठाच्या पाण्यानेही गांडूळ मरते.

दुसरा, माणसाला काय होते? दोमोइक आम्लाची गोष्ट आठवा. कृमीला मारणारा आणि माणसाला न दुखवणारा, असा दुहेरी गुण असेल तरच ते औषध. शिवाय प्रत्येक वेळी मात्रा तीच मिळाली पाहिजे. शेवाळात ती ऋतूनुसार, जागेनुसार बदलते. काही जातींची शेवाळे समुद्रातले आर्सेनिक आणि आयोडीनही साठवतात. पाकिटावर नुसते 'समुद्री शेवाळ' लिहिले असेल, तर त्यात कोणती जात आहे आणि आणखी काय काय आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. डायजेनिया वेगळे आणि बाजारातली हिरवी पावडर वेगळी.

तिसरा, पुरेल का? हॅलिकोंड्रिन नावाच्या पदार्थासाठी जपानी संशोधकांनी ६०० किलो स्पंज गोळा केला, तेव्हा त्यातून एका पदार्थाचे फक्त १२.५ मिलिग्रॅम हाती आले. त्या हिशेबाने औषध करायचे तर समुद्रतळ खरवडून काढावा लागेल. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सोपा केलेला नमुना प्रयोगशाळेत बनवला, तेव्हाच तो कर्करोगाचे औषध म्हणून २०१० मध्ये रोग्यापर्यंत पोचला. काइनिक आम्ल शेवाळ कोणत्या जनुकांच्या साहाय्याने बनवते हेही २०१९ मध्ये उलगडले आहे. शेवाळ न तोडता ते बनवण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

चौथा, पैसे कोण घालणार? कर्करोगाच्या औषधाला गिऱ्हाईक आहे. जंतांचा रोगी बहुधा गरीब असतो. त्याच्यासाठी नवे औषध शोधण्यात कंपन्यांना फायदा कमी. म्हणून हे काम सरकारी संस्था आणि विद्यापीठे यांच्यावर पडते. आपल्या नेहरूनगरातही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे. आजीच्या डब्यातल्या ज्ञानाची अशी रीतसर तपासणी होणे ही भाबडेपणाने मान डोलावण्यापेक्षा आजीचा अधिक मोठा मान आहे, असे मला वाटते.

मग शोध चालू का ठेवायचा

शाळेत देतात ती गोळी अल्बेंडाझोलची. १० फेब्रुवारी २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना अर्धी. ही गोळी कृमीच्या पेशींचा आतला सांगाडा मोडते. कृमीला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. माणसाच्या पेशीतला सांगाडा जरा निराळ्या घडणीचा असल्याने त्याला ती इजा होत नाही. स्वस्त आणि सोपी अशी ही गोळी आहे.

पण ती सर्वांवर सारखी चालत नाही. अनेक चाचण्यांची एकत्र गोळाबेरीज केली, तर एका गोळीने गोलकृमीचे १०० पैकी सुमारे ९५ रोगी मोकळे होतात, अंकुशकृमीचे सुमारे ८०, आणि चाबूककृमीचे फक्त ३० च्या आसपास. दुसरी काळजी मेंढ्यांकडून आली आहे. मेंढीच्या पोटातला एक रक्तपिपासू कृमी या जातीच्या औषधांना दाद देईनासा झाला आहे, जगभर आणि भारतातही. वर्षानुवर्षे तेच औषध, तेही कमी मात्रेत पाजले, की जे थोडे कृमी तगतात त्यांचीच प्रजा वाढते. चिकोडी-निपाणीकडच्या धनगरांना 'औषध आता लागू पडत नाही' हे वाक्य नवे नसेल. मेंढीत जे झाले ते माणसात होणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

म्हणून हाताशी दुसरी किल्ली असायला हवी. निसर्गाने ती आधीही दिली आहे. जपानमधल्या मातीतल्या जंतूपासून आयव्हरमेक्टिन हे औषध मिळाले, आणि त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढची किल्ली दोना पावलच्या एखाद्या बाटलीत असू शकेल. ती शोधणाऱ्यांना वेळ आणि पैसा मिळायला हवा. ती सापडल्याची आवई मात्र आधीच उठवू नये.

जपानने नेमके काय केले

आता शेवटचा मुद्दा. जपानमधले ६० टक्क्यांचे प्रमाण १९७० च्या दशकात एक टक्क्याच्या घरात आले. हे शेवाळाने केले का? शेवाळाचा आणि नंतरच्या औषधांचा त्यात वाटा होता. पण त्यांनी शाळांतून आणि गावांतून वर्षातून दोनदा मुलांची शौचाची तपासणी केली आणि ज्यांच्यात अंडी सापडली त्यांना औषध दिले. शेतात मैला खत म्हणून टाकण्याची जुनी चाल बंद पडत गेली. संडास, पाणी, भाजी धुणे यांकडे आयांनी आणि शिक्षकांनी लक्ष दिले. पोटातले जंत औषधाने गेले आणि मातीतली अंडी माणसांच्या सवयी बदलल्याने गेली.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता जोडून घ्या. प्रत्येक जंत बाहेरून येतो. औषध, मग ते डब्यातले असो, शाळेतले असो की समुद्रातले, पोट रिकामे करते. मातीत अंडी राहिली तर सहा महिन्यांत पोट पुन्हा भरते. नाल्याच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी न धुता खाल्ली, पोर संडासाऐवजी परसात बसले, बाई अनवाणी शेतात गेली, तर जगातले उत्तम औषधही अपुरे पडेल.

तेव्हा त्या आईला आज मी असे सांगेन. शाळेची गोळी चुकवू नकोस. मुलगी त्या दिवशी तापाने आजारी असेल, तर तसे शिक्षकांना सांग आणि गोळी बरी झाल्यावर दे. गोळी नीट चावून खायला सांग. पोटात जंत फार असतील, तर थोडे मळमळेल, पोट दुखेल, पण ते लवकर थांबते. त्याला घाबरून पुढच्या वेळी मुलीला घरी ठेवू नकोस. आजीच्या वावडिंगाचा अपमान करू नकोस, पण गोळीमागे जितक्या मोठ्या चाचण्या आहेत तितक्या त्याच्यामागे नाहीत, हे तिला समजावून सांग. दिराला सांग, की त्याने वाचलेले अगदीच खोटे नाही. समुद्राने एकदा औषध दिले आहे आणि पुन्हा देईलही, पण ते पाकिटात भरून अजून आलेले नाही. त्या पावडरीच्या पैशांत मुलीला चांगली चप्पल आण, नखे कापायला नेलकटर आण आणि हात धुवायला साबण आण. आणि तू स्वत: सारखी थकत असशील, तर एकदा रक्त तपासून घे.